थर्मोस्टॅट काढून फेकणाऱ्यांनो, जरा थांबा

घाटकरी
कालच्या 'मे महिन्यात गाडीने कोकणात' या धाग्यावर बिनधास्त बापूंनी फतवा काढलाय: "कूलंट हा सगळा धंदा आहे. थर्मोस्टॅट काढून टाका, नळाचं पाणी भरा, गाडी खंबाटकीत काय, आंबा घाटातही तापणार नाही. पाणी कमी झालंच तर डिकीत दोन बाटल्या ठेवा." खाली 'शंभर टक्के सहमत'वाल्यांची रांग. हेच लोक सुट्टीत बोनेट उघडून घाटात उभे राहतात आणि मागे आम्ही क्लच जाळत बसतो, म्हणून हा वेगळा धागा.

बापू, साधं पाणी असो वा कूलंट (ग्लायकॉल आणि गंजरोधक मिसळलेलं पाणी), त्याची वाट बंदिस्त असते: इंजिन, रेडिएटर आणि मधे थर्मोस्टॅटची झडप. सारखं कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय. बाटल्या बाळगून गळती थांबत नाही.

आधी गाडी तापते कधी ते बघा. सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला उतरतो? मग पंखा, त्याचा रिले, फ्यूज, सेन्सर. थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष. गावात ठीक आणि हायवेला वेग धरला की तापते? रेडिएटर आतून चोक झालाय, वॉटर बॉडीची (पाण्याच्या पंपाची) पाती झिजलीत, नाहीतर खालचा होज (रबरी नळी) ओढीने चपटा होतोय. इंजिन तापलंय आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज थंडगार? हां, आता थर्मोस्टॅट अडकलाय. तर नवा बसवा ना!

82 ते 88 अंशांच्या आसपास उघडणारी ती झडप इंजिनला लवकर कामाच्या तापमानाला आणते. ती नसली की इंजिन बराच वेळ गार राहतं, ईसीएम (इंजिनचा संगणक) जास्तीचं पेट्रोल ओततो, ॲव्हरेज पडतं, ऑइलचा चिखल होतो. बीएस-6 डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, इंजिन नीट तापल्याशिवाय स्वतःला साफ करायला घेत नाही, ते वेगळंच. आणि बऱ्याच इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती काढली की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच आतल्या आत फिरत राहतं. थोडक्यात, बापूंच्या उपायाने घाटात गाडी उलट जास्त तापू शकते.

गळती शोधायची तर सकाळी, थंड गाडीवर. काही सांधे थंडीत आकसून गळतात आणि तापल्यावर फुगून बंद होतात. गरम भागावर पडलेलं कूलंट उडून जातं, मागे पांढरा, हिरवा किंवा गुलाबी कोरडा डाग राहतो. वॉटर बॉडीखाली बारीक भोक असतं, तिथून ओघळ दिसला तर सील गेलं. डाव्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं आणि काचेवर गोडसर वासाची वाफ, तर हिटरची जाळी. यातलं काहीच दिसलं नाही तर रेडिएटरच्या टोपणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावून 1 बारपर्यंत दाब भरा आणि दाब टिकतो का बघा.

आणि ते टोपण! त्याच्या दाबामुळे आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, अगदी कुकरसारखं. रबर गेलं की दाब गेला. महाबळेश्वरच्या उंचीला, म्हणजे साधारण 1,350 मीटरवर, उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. बऱ्याच गाड्यांचा पंखाही त्याच सुमाराला सुरू होतो. म्हणजे पंखा फिरायच्या आत पाणी बाहेर. लोक हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवतात, टोपण कुणी बघत नाही.

बिनधास्त बापू
निबंध छान. आता शाळेतलंच विज्ञान मीही सांगतो. एक किलो पाणी एक अंश तापवायला 4.18 किलोज्यूल लागतात. त्यात निम्मं ग्लायकॉल घातलं की आकडा साडेतीनच्या आसपास येतो. मग जास्त उष्णता कोण वाहून नेतं? पाणी! रेसच्या गाड्यांत काय भरतात? पाणी!
आमच्या वडिलांची जीप इचलकरंजी-रत्नागिरी आयुष्यभर विहिरीच्या पाण्यावर चालली. तेव्हा कुठे होतं तुमचं गुलाबी सरबत?

जुना फिटर
बापू, रेसवाले पाणी भरतात कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागच्या गाड्या घसरतात. बऱ्याच ट्रॅकवर त्याला बंदीच असते. आणि त्यांचं इंजिन दर थोड्या दिवसांनी उघडलं जातं. तुमचं उघडायला मला हरकत नाही, गॅरेज चालवायचंच आहे.

वडिलांच्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून, साफ व्हायचा. आताचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या. बोअरचं पाणी भरलं की नळ्यांत क्षार धरतो आणि ॲल्युमिनियम आतून कुरतडलं जातं. कूलंटमध्ये गंज अडवणारी द्रव्यं असतात, मेख तिथे आहे. थंडी आपल्याकडे कुणाला सोसावी लागते!

पण घाटकरीसाहेब, तुमचंही अर्धंच. बाहेर थेंब नाही, दाब टिकतो, ऑइल स्वच्छ, तरी पाणी कमी होतं, अशा डिझेल गाड्या माझ्याकडे येतात. आधीच्या माणसाने हेड उतरवून, फेसिंग करून (घासून सपाट करून), खाली नवं गॅसकेट (सांधा बंद ठेवणारा पत्रा) टाकून बिल लावलेलं असतं. पाणी जात असतं ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारी जाळी) थेट एक्झॉस्टला! हेड गॅसकेटचा संशय असेल तर आधी ती निळ्या द्रवाची टेस्ट करा. कूलंटच्या टाकीतल्या वाफेत जळलेला गॅस आला तर द्रव पिवळा पडतो. त्याला हेड उतरवावं लागत नाही. करतो कोण पण? टेस्टला पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं, हेडला देतं.

वैतागलेली वहिनी
काटा चढतो, काटा उतरतो... कुठला काटा? माझ्या गाडीत काटाच नाही! थंड असताना निळा दिवा, तापली की लाल. मधे काय चाललंय ते देव जाणे. कसारा घाटात लाल दिवा लागला तेव्हा बोनेटमधून वाफ यायला लागली होती. मागच्या सीटवर सासूबाई रामरक्षा म्हणतायत, पुढे नवरा गरम टोपण उघडायला निघालेला. ओरडून थांबवला, नाहीतर हात भाजला असता. सर्व्हिसवाल्याने काय ऐकवावं? "मॅडम, दिवा उशिरा पाहिला असेल." एवढा मोठा टचस्क्रीन देता, त्यात गाणी, नकाशे, हवामान. इंजिनचं तापमान दाखवायला काय धाड भरते?

डिझेलदास
वहिनींशी सहमत. मूळ धागा राहू द्या, खरा प्रश्न हाच आहे. पैसे वाचवायला काटा काढला आणि म्हणे 'ग्राहकाला गोंधळ नको'.

टॉर्क पाना
काटा असलेल्यांनीही खूश होऊ नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधे बांधून ठेवलेला असतो. 80 काय नि 105 काय, काटा जागचा हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीला (स्टेअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला) छोटं ब्लूटूथ यंत्र लावा, फोनवर खरा आकडा बघा. घाटात 104 दिसले की एसी बंद, हिटर फुल गरम, पंखा जोरात. हिटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच.

वैतागलेली वहिनी
मे महिन्यात हिटर? सासूबाई घाटात उतरून चालत इगतपुरीला जातील.

घाटकरी
धागा गळतीचा आहे हो. काट्यासाठी वेगळा काढा.

डिझेलदास
गळती कळायला काटा लागतो. तुम्हीच वर 'काटा चढतो' लिहिलंत. आता नियंत्रण कशाला?

वऱ्हाडी ठेचा
अकोल्यात 45 च्या वर पारा जाते, तिथं या न् मंग पाण्याचे किलोज्यूल मोजा. आमच्याकडं कापसाचा भुगा एसीच्या जाळीत न् रेडिएटरच्या मधात बसते. बाहेरून धुतलं तं अजून आत जाते. दोन्ही जाळ्या सुट्या करून आतून बाहेर हवा मारा लागते. माया गाडीचं आर्धं तापनं तेवढ्यानंच गेलं. थर्मोस्टॅट जागेवरच हाय. कोनी सांगत नाही बे हे!
न् काट्याचं म्हनाल तं आमचा काटा एकदा खाली आला, मले वाटलं गाडी थंड झाली. पानीच सरलं होतं. सेन्सर कोरडा पडला तं काटा कायचा चढते? तवा काट्यावर लय इस्वास ठेवू नका.

मिनेसोटातला मामा
इकडे जानेवारीत -30 असतं. साधं पाणी भरून गाडी रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळी ब्लॉक फुटलेला मिळेल, पाणी गोठताना 9 टक्के फुगतं. निम्मं ग्लायकॉल घातलं की -37 पर्यंत चिंता नाही. भारतात लोक कूलंटला फॅशन का समजतात, कळत नाही.

बिनधास्त बापू
आले मामा. इचलकरंजीत बर्फ पडला की फोन करतो.

मिनेसोटातला मामा
बर्फ राहू द्या, त्याच मिश्रणाचा उत्कलनबिंदूही वाढतो. टोपण चांगलं असेल तर 128-130 पर्यंत. वाचायचे कष्ट घ्या.

बिनधास्त बापू
वाचतो की! वाचूनच सांगतो, इथल्या अर्ध्या लोकांनी आयुष्यात पाना हातात धरलेला नाही. रेडिएटरला चीर पडली तेव्हा मी मुठभर हळद टाकून गाडी कराडहून घरी आणलीय. तुमचा प्रेशर टेस्टर होता का तिथे?

जुना फिटर
हळद! तरीच. वाटेत अडकला होतात, घरी पोचलात, मान्य, ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या करतात. पुढे काय केलंत? फ्लश केलं? की ती हळद अजून हिटरच्या जाळीत आहे?

घाटकरी
बापू, पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद जास्त, हे मान्य. लिहून ठेवा, फ्रेम करा. पण नळीत क्षाराचा थर बसल्यावर ती उष्णता धातूतून पाण्यापर्यंत पोचणार कशी? नुसतं पाणीच भरायचं तर डिस्टिल्ड भरा आणि गंजरोधक घाला. म्हणजे झालंच की तुमचं कूलंट.

डिझेलदास
आणि डब्याच्या रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं याला काही ठरलेला नियम नाही. डब्यावर आयएस 5759 (कूलंटचं भारतीय मानक) आहे का आणि गाडीच्या पुस्तकात कुठला प्रकार सांगितलाय ते बघा. काट्याचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

वैतागलेली वहिनी
ते ब्लूटूथवालं यंत्र मागवलं. आत्ता 91 दाखवतंय. नवरा म्हणतो दर मिनिटाला आकडा वाचून दाखवू नकोस, ब्लडप्रेशर वाढतं. म्हटलं, तेही मोजू.

बिनधास्त बापू
तुमच्या समाधानासाठी नवं टोपण आणलं. जुन्यावर 0.9 बार लिहिलं होतं, तेवढ्याच दाबाचं घेतलं. पाणी अजूनही कमी होतंच आहे, म्हणजे टोपणाची थिअरी फुकट. आता नाचा.

टॉर्क पाना
टोपणाचा आकडा स्वतः बघून घेतलात? बापू, हा तुमचा ऐतिहासिक दिवस.

जुना फिटर
टोपणाने एक शक्यता कमी झाली, इतकंच. आता हेड गॅसकेटचा संशय. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज सकाळी सुरू केल्या केल्या दाबून बघा. मिनिटाभरात दगडासारखा कडक होतो का? टाकीत बुडबुडे येतात का? आणि पहिल्या स्टार्टला पांढरा धूर?

बिनधास्त बापू
बुडबुडे नाही बघितले. धूर येतो थोडा. सकाळचं दव असतं, त्याने.

जुना फिटर
मे महिन्यात. इचलकरंजीत.