मदत हवी आहे : '१००% कॅशमीर' म्हणून घेतलेल्या स्वेटरला लगेच गोळे

नव्या स्वेटरच्या काखेत आणि बाह्यांच्या आतून गोळे आलेत. घर्षणाच्या जागी थोडे गोळे चांगल्या कॅशमीरलाही (शेळीच्या मऊ लोकरीलाही) येतात, ते मान्य. पण ही वीण उजेडात धरली की आरपार दिसते, ताणलेला काठ पूर्ववत होत नाही. म्हणजे तंतू आखूड आणि पीळ कमी. दुकानात जाणवलेला मऊपणा बहुधा सॉफ्टनरचा.

सोबतचा जादा धागा जाळून पाहिला: केस जळाल्याचा वास, राख चुरगळणारी. म्हणजे अ‍ॅक्रिलिक (कृत्रिम धागा) नसावं. पण मेंढीची साधी लोकरही अशीच जळते! फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो, तंतूची जाडी (कॅशमीर साधारण १९ मायक्रॉनपर्यंत) आणि खवले पाहून.

ठाण्याच्या वूल रिसर्च असोसिएशनमध्ये खासगी ग्राहकाचा एकच नमुना तपासतात का? किती धागा लागतो? अहवाल दाखवून कुणी दुकानातून पैसे परत मिळवलेत का? परत करायची मुदत अजून संपायची आहे, म्हणून स्वेटर धुतलेला नाही.