साक्षीत श्रेय देवाला द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पहाटतारा
उपासनेत पाच मिनिटांची साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांपुढे सांगणं) असली की चार मिनिटं "मी उपास धरला, मी पहाटे उठून प्रार्थना केली" यातच जातात आणि खाली बसता बसता "प्रभूचं गौरव होवो" येतं. हे मला खटकतं. तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय, असं प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात विचारतो (१ करिंथ ४:७). माझा आग्रह असा: साक्ष आदल्या दिवशी लिहून काढावी. ज्या वाक्यांत 'मी' कर्ता आहे त्यांखाली रेघ मारावी, आणि जी काढूनही घटना समजते ती खोडावीत. तीन मिनिटं पुरतात. नंतर कोणी कौतुक केलं तर "छे छे, मी कोण" करत बसू नये, त्याने कौतुक आणखी लांबतं. "आभारी आहे" म्हणावं आणि रात्रीच्या प्रार्थनेत ते देवापुढे ठेवावं.

तिसरं बाक
नुसती वाक्यं बदलून श्रेय देवाला जात असतं तर येशूच्या दाखल्यातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा तो मंदिरातला माणूस, नम्र ठरला असता. लूक १८ पुन्हा वाचा. तो सुरुवातच देवाचे आभार मानून करतो, आणि त्याच दमात बाजूच्या जकातदाराला तुच्छ लेखतो. शिवाय "देवाने मला आजारातून उठवलं" एवढंच म्हटलं की रात्रपाळीची नर्स, रक्त देणारा, डबा पोहोचवणारी शेजारीण, सगळी साक्षीतून गायब. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात नावंच नावं आहेत: फिबी, प्रिस्क, अक्विला. प्रिस्क आणि अक्विला यांनी माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, हे पौल लिहून ठेवतो. यात देवाचं गौरव कुठे कमी झालं?

पहाटतारा
नावं घ्यायला माझी ना नाही. मी सर्वांपेक्षा जास्त श्रम केले, असं पौलही बेधडक म्हणतो आणि लगेच ते देवाच्या कृपेच्या पदरात घालतो (१ करिंथ १५:१०). मग क्रम असा ठेवू: काय घडलं, कोणाकोणाचे हात लागले, आणि देवाचे आभार. आपल्या श्रमाला एक वाक्य.

वसईचा वड
तुम्ही दोघंही बोलण्यावरच अडकलात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले, त्यांचा ५७वा अध्याय कारागिरांवर आहे. आपल्या कसबामुळे मठावर उपकार होतात असं एखाद्याला वाटू लागलं, तर ते काम त्याच्याकडून काढून घ्यायचं; तो नम्र झाला आणि मठाधिपतीने सांगितलं तरच परत द्यायचं. माल विकायचा तो बाहेरच्यांपेक्षा थोड्या कमी भावात, सर्व गोष्टींत देवाचं गौरव व्हावं म्हणून. हेच गायनमंडळाला लावून बघा. वर्षानुवर्षे एकच जण पेटीवर, तो रुसला की गायन अडतं. त्याने दुसऱ्याला शिकवणं सक्तीचं करा आणि महिन्यातला एक रविवार त्या शिकाऊला पेटीवर बसवा. आपल्याविनाही स्तुती होते, हे त्याला समोर बसून ऐकू दे.

तिसरं बाक
हे पटलं. पैशालाही हेच लावा. "ही इमारत देवाने बांधली" असं व्यासपीठावरून सांगायचं आणि सिमेंटची बिलं मागितली की "अविश्वास दाखवता?" असं विचारायचं! यरुशलेमेतल्या गरजू ख्रिस्ती लोकांसाठीची वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८). वार्षिक सभेत तपासलेला हिशेब आधी मांडा.

मातीचं भांडं
ज्या वॉर्डातून एक जण बरा होऊन आला, तिथेच दुसऱ्या कोणाचं मूल गेलेलं असतं, आणि ती आई मागच्या बाकावर बसलेली असू शकते. "माझा विश्वास दृढ होता म्हणून देवाने ऐकलं" यात श्रेय आपल्या विश्वासाला जातं, देवाला नाही. वर त्या आईवर आरोप होतो. कारण जोडू नका. "देवाने दया केली" इथेच थांबा.

पहाटतारा
मान्य, ते वाक्यही खोडायच्या यादीत. पंख्यांवरच्या देणगीदारांच्या नावांबाबत मात्र मी हटणार नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तय ६:३ मध्ये आहे. पावती द्या, देणगीवहीत नोंद करा, पंख्याचं पातं कोरं ठेवा.

तिसरं बाक
"यांच्या स्मरणार्थ" म्हणून जे नाव असतं ते बहुतेकदा देणाऱ्याचं नसतंच, गेलेल्या आईवडिलांचं असतं. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम गाळा. ज्याच्या आठवणीत दिलं, त्याचं राहू द्या.