आधी हवा काढा, मग प्रेशर बघा
साच्यात बनवलेल्या सिलिकॉन रबराच्या भागावरचे सूक्ष्म खांब अर्धवट येतात म्हणून इंजेक्शन प्रेशर, म्हणजे माल साच्यात ढकलायचा दाब, वाढवा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. लिक्विड सिलिकॉन इतकं पातळ वाहतं की काही मायक्रॉनच्या फटीतही शिरतं; प्रेशर वाढवलं की पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे, फ्लॅशचा (बाहेर आलेल्या जादा मालाचा) पापुद्रा आलाच. साच्यातले खांबांचे खड्डे मात्र तळाशी बंद. आतली हवा जाणार कुठे? १७०-१८० अंशांच्या साच्यात माल तसाच सेट होतो नि टोकं बोथट राहतात. अळूच्या पानासारखं पाणी न धरणारं टेक्श्चर करताना आम्ही माल भरण्याआधी व्हॅक्यूम घेतला, म्हणजे साच्यातली हवा ओढून काढली, टोकं नीट उठली. रबर ताणून साच्यातून सुटतं हे खरं, पण उंच बारीक खांब तुटून खड्ड्यात अडकतात. इन्सर्ट, म्हणजे साच्यातला हे खड्डे असलेला तुकडा, मायक्रोस्कोपखाली तपासत राहा.