मदत हवी आहे : दोघांच्या नावावरचं घर कोर्टामार्फत विकायला निघालंय, मला ठेवता येईल का?

नमस्कार. कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत आमचा रो बंगला आहे. खरेदीपत्र, प्रॉपर्टी कार्ड, कर्ज सगळं माझ्या आणि मिस्टरांच्या नावावर. आम्ही वेगळे राहतो, घटस्फोटाचं अजून चालू आहे. मी आणि मुलगी इथेच राहतो, ते उचगावला भाड्याने. त्यांनी फॅमिली कोर्टात वाटपाचा दावा लावला, निम्मा-निम्मा हिस्सा ठरला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता त्यांनी अर्ज दिलाय की घराचे दोन तुकडे पडत नाहीत, तेव्हा लिलाव करून पैसे वाटून द्या. पुढच्या तारखेला मला म्हणणं द्यायचंय.

वकीलसाहेब म्हणतात, विकू दे, निम्मे घ्या आणि मोकळ्या व्हा. मला मोकळं व्हायचं नाही, घर पाहिजे. मुलगी यंदा दहावीला आहे. आणि लिलाव म्हटलं की मला मार्केट यार्डातला गुळाचा सौदाच दिसतो!

त्यांचा हिस्सा मीच विकत घेऊ शकते का? किंमत कोण ठरवणार? ते ९० लाख म्हणतात, शेजारचा तसाच बंगला ७५ ला गेला. कर्ज १८ लाख बाकी आहे. ते गेल्यापासून हप्ते आणि घरफाळा मीच भरतेय, ते कुठे धरतात का? वहिनी म्हणते, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात राहण्याचा आदेश घे, विक्रीच थांबेल. खरं का? (नुसतं 'वकील बदला' सांगू नका, माणूस चांगला आहे.)

बावडेकर :
ताई, घेता येतं, आणि म्हणणं द्यायच्या आधी हे वाचलंत ते बरं झालं. १८९३ चा वाटप कायदा बघा, पार्टिशन ॲक्ट. कलम २ प्रमाणे निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्याला 'वाटप नको, विक्री करा' असं मागता येतं. तुमच्या मिस्टरांचा बरोबर निम्मा आहे, म्हणून त्यांचा अर्ज बसतो. पण त्यांनी तो दिला की लगेच कलम ३ तुमच्या बाजूनं उघडतं. 'त्यांचा हिस्सा मूल्यांकनाने मला घेऊ द्या' असा अर्ज तुम्ही दिलात, तर कोर्टाला मूल्यांकन करून घ्यावंच लागतं आणि त्या किमतीला हिस्सा आधी तुम्हाला देऊ करावा लागतो. त्यामुळे नुसतं 'विक्रीला हरकत आहे' असं म्हणणं देऊन थांबू नका. वेगळा अर्ज द्या, विक्रीचा हुकूम व्हायच्या आत.

एक मेख आहे. किंमत ठरल्यावर तुम्ही मागे हटलात तर त्या अर्जाचा खर्च तुमच्या अंगावर पडतो. आधी पैशाचं बघा.

किंमत ना त्यांच्या तोंडची, ना शेजाऱ्याची. कोर्ट ठरवेल त्या पद्धतीने मूल्यांकन होतं. तुम्ही तुमच्या नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणि शेजारच्या खरेदीपत्राची नक्कल लावा. रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी दरपत्रकावर, भिस्त ठेवू नका, तो मुद्रांक शुल्कासाठी.

हप्तेवाला :
पैशाचं मी सांगतो, बँकेतून रिटायर आहे. समजा ८० लाख ठरले. १८ कर्ज वजा, राहिले ६२, त्यांचे ३१. म्हणजे १८ आणि ३१ मिळून ४९ लाखांचा बोजा तुमच्या एकटीच्या पगारावर. कोर्टाने हिस्सा दिला म्हणून बँक त्यांना कर्जातून सोडत नाही. तुमच्या एकटीच्या नावावर नवीन कर्ज करून जुनं फेडायला लागेल. अर्जाआधी बँकेत जाऊन किती बसतंय ते विचारा. भरलेल्या हप्त्यांचा हिशेब मागता येतो, पण तोंडी नाही. खात्याचे उतारे आणि घरफाळ्याच्या पावत्या तारखेप्रमाणे लावा.

फुलेवाडी नाका :
वहिनींचं अर्धंच बरोबर. २००५ च्या कायद्यात कलम १७ आणि १९ खाली राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश मिळतो, खरंय. पण तो राहण्याचा हक्क, मालकी नव्हे. पर्यायी घर किंवा त्याचं भाडं द्या, असंही कोर्ट सांगू शकतं. दुसऱ्याचा निम्मा हिस्सा त्याने कायमचा अडत नाही. त्रास झाला असेल तर जरूर अर्ज करा, नुसती विक्री रोखायला नको.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. ४९ ऐकून पोटात गोळा आला. माझं फार तर ४० पर्यंत बसेल. भाऊ थोडे देईल. तरी कमी पडले तर?

बावडेकर :
तर लिलाव, पण त्यातही तुम्ही बाहेरच्या नाही. कलम ६ प्रमाणे कोर्ट आधी किमान बोली ठरवतं, कवडीमोल विकत नाही. हिस्सेदाराला बोली लावता येते आणि स्वतःच्या हिश्शाची रक्कम वळती करून मिळावी असं मागता येतं. दोन्ही वाटा वकीलसाहेबांपुढे ठेवा. फी जड वाटत असेल तर कसबा बावड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि फॅमिली कोर्टाचा निकाल पटला नाही तर अपिलाला आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच आहे. मुदत मात्र ३० दिवसांची, ती चुकवू नका.

धागाकर्ती :
व्हॅल्युअरला फोन केला, रविवारी घर बघायला येतोय. कलम ३ चा कागद वकीलसाहेबांना व्हॉट्सॲप केला. 'बघतो' म्हणालेत.