‘सेव्ह करणे’ला काय म्हणावं? जतन, साठवण, की आणखी काही

लॅबवाला (सिंधुदुर्ग):

तळकोकणातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. पहिल्या वर्षाच्या बीए-बीकॉमच्या पोरांना वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट शिकवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे कीबोर्डातल्या मुंग्या झटकणं आणि पावसात सादळलेला कागद अडकला की प्रिंटर सोडवणं. यंदा प्रात्यक्षिकाची टिपणं मराठीत काढायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो. ‘सेव्ह’ला काय लिहू?

लिहायला लिहिलं ‘जतन करा’. वर्गात वाचून दाखवलं, तर एक मुलगा स्क्रीनभर शोधत बसला. “सर, ता जतन खंय आसा?” त्याच्यासमोरच्या इंग्रजी मेनूत ते कुठून असणार! मग वरच्या कोपऱ्यातली चौकोनी खूण दाखवली. ती कसली, हेही कोणाला माहीत नाही. ती फ्लॉपीची, म्हणजे फाइल ठेवायच्या जुन्या १.४४ एमबीच्या चकतीची. ती चकती ही मुलं चालायला लागायच्या सुमारास अडगळीत गेली.

त्याच आठवड्यात भर पावसात लाइट गेली. आमच्या लॅबमधला इन्व्हर्टर पंखे आणि दोन मशीनपुरता. एका मुलीने मन लावून अख्खं पान टाइप केलं होतं. “सर, सगळा गेला!” शेजारची शांतपणे म्हणाली, “जपान ठेवूक व्हया होता मगे.” घाटावरून नव्याने आलेल्या आमच्या मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, “जपानचं काय म्हणाली ती?” त्यांना सांगितलं, आमच्याकडे जपून ठेवायचं ते जपान ठेवतात.

तर प्रश्न असा: तुम्ही काय म्हणता? जतन करणे, साठवणे, राखणे, जपून ठेवणे, की सरळ सेव्ह?

शब्दवेडी (रत्नागिरी):

मी ‘जतन’च्या बाजूची आहे, पण त्यातली अडचणही दिसते. जतन आला ‘यत्न’वरून, म्हणजे त्यात मुळातच खटपट आहे, काळजी आहे. मात्र आजच्या वापरात आपण जतन करतो ते जुन्याचं आणि मोलाचं: पोथ्या, वारसा, किल्ल्याची तटबंदी. अर्धवट टाइप केलेला रजेचा अर्ज कोणी जतन करत नाही. करूही नये.

‘साठवणे’त भरपूरपणा लागतो. पाणी, भात, आठवणी. एक पानभर पत्र साठवलं म्हटलं की कानाला खटकतं.

‘राखणे’त चोराची किंवा वानराची भीती आहे. शेताची राखण, वाडीचा राखणदार. शिवाय ‘राखून ठेवणे’ म्हटलं की आरक्षणाचा अर्थ डोकावतो. ‘जपणे’ छान आहे, पण ते नाजूक वस्तूचं आणि मनाचं. म्हणजे प्रत्येक शब्दाला काहीतरी जास्तीचं चिकटलेलं आहे आणि ‘सेव्ह’ तेवढा कोरा. उसना शब्द टिकतो तो बऱ्याचदा याच कोरेपणामुळे.

आमच्या गावात बसून हे लिहायचं म्हणजे सावरकरांची आठवण येणारच. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. दिनांक, महापौर हे त्यांचे शब्द आज कोणालाही घडवलेले वाटत नाहीत. तेव्हा घडवलेला शब्द रुजतच नाही असं म्हणू नका. फक्त ते शब्द छापील फॉर्मवर आणि कचेरीच्या पाटीवर रोज दिसत राहिले. ‘जतन’ तुमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर येतोच कुठे?

निवृत्त लेखनिक (चिपळूण):

मंडळी, तुम्ही शब्द शोधताय आणि शब्द कचेरीत कधीचा पडून आहे. स्थळप्रत.

पत्र बाहेर जायचं त्याची एक प्रत कचेरीत राहायची, ती स्थळप्रत. टाइपरायटरला कागद, कार्बन, कागद, कार्बन असा थर लावायचा, रोलर फिरवायचा आणि जोरात बडवायचं, कारण चौथ्या प्रतीवर अक्षर उमटलं पाहिजे. खालची प्रत नस्तीला, म्हणजे फाइलला. साहेबांनी वर्षाने विचारलं, “काय कळवलं होतं आपण?” की स्थळप्रत काढून पुढे ठेवायची. तुमचं सेव्ह म्हणजे दुसरं काय? ‘सेव्ह ॲज’ तर सरळच आहे, वेगळ्या नावाने आणखी एक स्थळप्रत.

टंकलेखनावरून आठवलं. टंक म्हणजे छिन्नी. पाथरवटाची टाकी त्याच घरातली, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ती. टांकसाळ, देव्हाऱ्यातले टाक, दौतीत बुडवायचा टाक, सगळे नातेवाईक. टाइपरायटरची खीळ कागदावर आदळायची तेव्हा ‘टंकलेखन’ शब्द शोभायचा. आताच्या गुळगुळीत कळा दाबण्याला तो जड होतो, तरी मी तोच वापरणार.

आणि एक तक्रार. हल्लीची पोरं ‘किनार्यावर’ लिहितात. अरे, किनाऱ्यावर राहता आणि ‘ऱ्या’ येत नाही? इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डात शिफ्ट धरून जेची कळ दाबा, मग डी, मग य आणि काना. उमटतो. आमच्या मशीनवर त्याला वेगळी कळ होती. तिची खीळ झिजली की पूर्ण चिपळूण तालुक्याचा पत्रव्यवहार ‘र्या’वर यायचा, असं आम्ही गमतीने म्हणायचो.

लॅबवाला:

काका, स्थळप्रत झकास. टिपणात जाणार. फक्त एक खोच आहे. स्थळप्रत ही झालेल्या कामाची. माझ्या पोरांना काम चालू असताना दर पाच मिनिटांनी सेव्ह करायला शिकवायचं आहे, आणि ते त्यांच्या हाडात नाही. त्याचं कारण मला हल्लीच उमगलं. ही मुलं फोनवर वाढलीत. फोनवर फोटो काढला की तो राहतो, ‘ठेवू का?’ असं कोणी विचारत नाही. गूगल डॉक्समध्ये तर सेव्हचं बटणच नाही, अक्षर उमटलं की आपोआप ठेवलं जातं. त्यांच्या तोंडी ‘सेव्ह’ आहे, पण तो एकाच ठिकाणी: “तुझो नंबर सेव्ह नाय माझ्याकडे.” म्हणजे सेव्ह करणे म्हणजे नंबराला नाव देणे. गंमत म्हणजे वर्डमध्येही पहिल्यांदा सेव्ह करताना तेच करायचं असतं. आता मी तिथूनच सुरुवात करतो: “ह्या पत्राचो नंबर सेव्ह करा.” हसतात, पण नाव देतात.

मोठा प्रतिसाद लिहितोय, कारण मूळ प्रश्नापेक्षा मला आता दुसरंच काहीतरी दिसायला लागलंय. नाम कुठलंही असो, पोरं त्याला क्रियापद कुठलं लावतात ते ऐका.

एंटर मारतात. क्लिक मारतात, तेही करत नाहीत, मारतात. प्रिंट काढतात, जशी झेरॉक्स काढतात, जसा विहिरीतून गाळ काढतात, म्हणजे आतलं बाहेर. पासवर्ड टाकतात. स्पेस देतात. फिल्टर लावतात. फाइल उडते. नेट जातं. मशीन हँग होतं, आणि मग ते ‘बसतं’, जशी बैलाने बैठक मारली. यातलं एकही क्रियापद कोणत्या समितीने ठरवलेलं नाही, आणि चुकलेलंही नाही. ‘प्रिंट मारणे’ही ऐकू येतं, पण ते घाईतलं. ‘प्रिंट टाकणे’ मात्र कोणी म्हणणार नाही.

सगळ्यात आवडतं ते ‘फॉर्म्युला लावणे’. एका चौकटीत फॉर्म्युला लिहायचा आणि कोपरा पकडून खाली ओढत न्यायचा. एक मुलगी म्हणाली, “लावणीसारख्याच मां सर, एक रोप लावला की बाकीची तशीच फुडे.” भात लावणारी पोर आहे, तिला कोण समजावणार? एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ उभे रकाने असतात, हे सांगितल्यावर तीच म्हणाली, “येवढ्याक माणसा खंयसून हाडतलास?” म्हणजे एवढ्या लावणीला माणसं आणणार कुठून!

तिचाच किस्सा. हिशेब आंब्याच्या पेट्यांचा होता. तिने रकान्यात लिहिलं ‘5 डझन’, ‘6 डझन’, ‘4 डझन’, आणि खाली बेरीज लावली. उत्तर शून्य. ती घाबरली, मला हाक मारली. चौकटीत अक्षर घुसलं की एक्सेल त्या चौकटीला आकडा मानत नाही, बेरजेत सरळ वगळतो. हे ‘टेक्स्ट’ आणि ‘नंबर’ म्हणून सांगत होतो आणि तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. अचानक बँकेची स्लिप आठवली. म्हटलं, “चलनावर अंकी कुठे लिहितेस आणि अक्षरी कुठे?” तिने हवेत दोन जागा दाखवल्या. “एक्सेलला फक्त अंकी कळतं. तू त्याला अक्षरी दिलंस.” लगेच ‘डझन’ खोडून वरच्या मथळ्यात नेऊन ठेवलं. बेरीज आली पंधरा. मग तिला खूणही सांगितली: काही बदल केलेला नसेल तर अंकी आकडा चौकटीत उजवीकडे टेकतो, अक्षरी डावीकडे. आता वर्गात कोणाचं उत्तर चुकलं की मागून आवाज येतो, “अक्षरी दिलंस काय रे?”

अंकी-अक्षरी हे मी कोणत्याही परिभाषा कोशातून घेतलेलं नाही. ते त्यांच्याकडेच होतं.

मालवणी पोर:

सर मी तुमच्याच लॅबचा, नाव सांगणार नाही. आम्ही ‘कंट्रोल एस मार’ म्हणतो. सेव्ह पण नाही आणि जतन पण नाही. विषय संपला.

शब्दवेडी (रत्नागिरी):

संपला नाही हो. ‘मारणे’त मला एक फरक दिसतो. जिथे एकच टोला आहे आणि काम लगेच होतं, तिथे ‘मारणे’: एंटर, क्लिक, कंट्रोल एस, शिक्का, सही, बोंब. जिथे नंतर निस्तरायचं आहे तिथे ‘करणे’: फॉरमॅट करणे, इन्स्टॉल करणे. म्हणून ‘सेव्ह मार’ आणि ‘सेव्ह कर’ यांत सूक्ष्म फरक आहे. पहिला हुकूम, दुसरा सल्ला. (आणि ‘शेव मार’ म्हणणारे फरसाणच्या दुकानात सापडतात, ते वेगळे.)

सेहेचाळीसाव्या वर्षी विद्यार्थिनी (गुहागर):

मी यंदा एमएससीआयटी केली. माझ्या पोरीच्या वेळी एमकेसीएल (हा कोर्स चालवणारी संस्था) वगैरे शब्द आमच्या घरात नवे होते. कारकुनाच्या नोकरीच्या जाहिरातीत ती अट दिसायला लागली आणि घराघरात “एमएससीआयटी झाली का?” सुरू झालं. ‘झाली’ बघा. कोर्स तो, प्रमाणपत्र ते, पण ही ‘ती’, कारण आपल्या डोक्यात परीक्षा आहे.

माझा शब्द सेव्हसाठी नाही, बॅकअपसाठी आहे. बेगमी. आमच्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुकट, सोडे, आमसुलं, फणसपोळी, लाकूडफाटा सगळं भरून ठेवतात. समुद्र खवळला, होड्या किनाऱ्याला लागल्या, रस्ता तुटला तरी चूल चालली पाहिजे. क्लासातल्या बाईंनी बॅकअप समजावला तेव्हा मी म्हटलं, ही तर बेगमी. बेगमी एकाच फळीवर ठेवत नाहीत हेही आम्हाला माहीत आहे. एक डबा माळ्यावर, एक कोठीत, एखादा जावेकडे. मी फोटो पेनड्राइव्हवर ठेवलेत आणि दुसरी प्रत पोरीकडे मुंबईला. एका डब्याला बुरशी आली तर दुसरा असतो.

निवृत्त लेखनिक (चिपळूण):

बेगमी! वाकून नमस्कार, ताई. चिपळुणात २००५ आणि २०२१चा पूर बघितलेल्या माणसाला माळ्यावरच्या डब्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. कपाटाच्या खालच्या खणातल्या नस्त्यांचा लगदा होतो, वरच्या वाचतात. तुमच्या पोरीकडची प्रत म्हणजे वरचा खण.

लॅबवाला:

बेगमी टिपणात गेली. ‘सेव्ह’ सेव्हच ठेवतोय, पुढे डॅश देऊन ‘स्थळप्रत ठेवणे’. जतनाला नारळ. शब्दवेडी रागावतील.

शब्दवेडी (रत्नागिरी):

रागावले नाही. फक्त एक करा, एक्सेलच्या ‘पिव्होट टेबल’ला तक्ता लिहू नका. तक्ता म्हणजे नुसती मांडणी. लांबलचक यादीतून गाववार, दरवार एकूण काढणं याला कचेरीच्या दप्तरात शब्द आहे: गोषवारा.

मालवणी पोर:

सर, परत मीच. काल आंब्याच्या पेट्यांचं पिव्होट घरी आजोबांना दाखवलं. ते कितीतरी वर्षं वहीत कीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिहितात. पिव्होट म्हटलं तर बघेचनात. गोषवारा म्हटल्यावर चष्मा लावला, गिऱ्हाईकवार सगळे आकडे बोटाने खाली वाचत गेले, आणि म्हणाले, “बरो आसा. पण ताळो कोण बगता?”