मदत हवी आहे: शार्क्सच्या नव्या पोरांमधून तिघे निवडायचेत, ज्युनिअरचे आकडे कितपत धरायचे?

मंडळी, सॅन होजे शार्क्स या आइस हॉकी संघाचे चाहते इथे किती आहेत ठाऊक नाही. बे एरियातले बरेच जण इथे वावरतात, त्यात दोन-चार तरी सापडतील या आशेवर धागा काढतोय.

ऑफिसातल्या हॉकीवेड्यांचा एक खेळ आहे. प्रत्येकाच्या वाट्याला एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतली मुख्य आइस हॉकी लीग) एक संघ येतो आणि त्या संघातले, ज्यांनी अजून एक अख्खा सीझन काढलेला नाही असे तीन तरुण निवडायचे. निवडले की तीन वर्षं बदलायचे नाहीत. मोजणी फक्त एनएचएलमधल्या सामन्यांची; गोलीसाठी (गोलरक्षकासाठी) विजय आणि सेव्ह टक्केवारी, म्हणजे शेकडा किती फटके अडवले ते. माझ्या चिठ्ठीत शार्क्स निघाले तेव्हा सगळ्यांनी डोळे वटारले, कारण लागोपाठ दोन सीझन तळाला (४७ गुण, मग ५२ गुण) बसल्यामुळे ड्राफ्टची (नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड, तळाच्या संघांना वरचे क्रमांक) मलई यांच्याकडेच साचली आहे. पण मॅकलिन सेलेब्रिनी आणि विल स्मिथ मागच्या वर्षीच खेळून गेले, म्हणजे यादीबाहेर. उरलेल्यांतून निवडायचं. ९ ऑक्टोबर २०२५ ला घरच्या बर्फावर व्हेगासशी पहिला सामना आहे, त्याआधी नावं द्यायची.

माझी अडचण आकड्यांची आहे. त्याच दोघांचं उदाहरण घेतो. २०२३-२४ मध्ये सेलेब्रिनीने बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून ३८ सामन्यांत ६४ पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला दिलेले पास, मिळून) काढले, स्मिथने बॉस्टन कॉलेजकडून ४१ सामन्यांत ७१. सामन्यामागे १.६८ आणि १.७३, म्हणजे स्मिथ किंचित पुढेच. वर्ष तेच, स्पर्धाही तीच. पुढच्या सीझनला दोघे शार्क्सकडे आले. सेलेब्रिनीने ७० सामन्यांत ६३ काढले, स्मिथने ७४ सामन्यांत ४५. एकाचा वेग ५३ टक्के टिकला, दुसऱ्याचा ३५. 'कॉलेजच्या पॉइंटला अमुकने गुणा' असे जे तक्ते फिरतात, त्यांनी या दोघांना एकाच पारड्यात बसवलं असतं. रणजीत सारखी सरासरी असलेले दोघे कसोटीत सारखे टिकतात असं थोडंच आहे? पण तक्ता समोर आला की हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

आता माझी यादी.

मायकल मिसा. यंदाच्या, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. ओएचएल या ज्युनिअर लीगमधल्या सॅगिनॉ स्पिरिटकडून ६५ सामन्यांत ६२ गोल, १३४ पॉइंट. पंधराव्या वर्षीच खास परवानगी मिळवून ओएचएलमध्ये शिरलेला सेंटर (मधल्या जागेवरचा आक्रमक). याच्याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही, शंका आहे ती यंदा किती खेळेल याची.

सॅम डिकिन्सन, डिफेन्समन, २०२४ चा अकरावा. लंडन (कॅनडातलं) नाइट्सकडून ५५ सामन्यांत ९१ पॉइंट, तेही मागच्या फळीत खेळून, वर मेमोरियल कप हा ज्युनिअरमधला सर्वोच्च चषक. आकडा बघूनच भूल पडते. पण शार्क्सने यंदा मागची फळी अनुभवी लोकांनी भरून टाकली आहे: ऑर्लोव्ह, क्लिंगबर्ग, लेडी. आधीचे फेरारो, लिलयेग्रेन, मुखमादुलिन आहेतच. व्लासिकला मोकळं केलं तरी जागा कुठे आहे?

इगोर चेर्निशोव्ह, २०२४ चा तेहतिसावा. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर उशिरा सॅगिनॉत आला आणि २३ सामन्यांत ५५ पॉइंट. सामन्यामागे २.३९! मिसाचे २.०६ आहेत. मग हा मिसाच्या वर धरायचा का? मला नाही वाटत, पण का नाही ते नीट मांडता येत नाहीये.

क्वेंटिन मस्टी, २०२३ चा सव्विसावा. सडबरीकडून २०२३-२४ मध्ये ५३ सामन्यांत १०२ पॉइंट. हात सोन्याचे, असं सगळे म्हणतात. बाकी मला फार माहिती नाही.

आणि यारोस्लाव्ह आस्कारोव्ह, गोली. मागच्या वर्षी एनएचएलचे १३च सामने, त्यामुळे आमच्या नियमात बसतो. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. "सगळेच भारी आहेत" हे उत्तर नको, ते मला ऑफिसात रोज मिळतं.

सनीवेलकर
पॉइंट बघायच्या आधी जन्मतारखा शेजारी लिहा. सेलेब्रिनी जून २००६ चा, स्मिथ मार्च २००५ चा. तुम्ही दिलेल्या कॉलेजच्या सीझनला सेलेब्रिनी सव्वा वर्षाने लहान होता आणि तरी बरोबरीत होता. त्या वयात सव्वा वर्ष म्हणजे खांदे, मांड्या, ताकद, सगळंच वेगळं. आता मिसा फेब्रुवारी २००७ चा आणि चेर्निशोव्ह नोव्हेंबर २००५ चा. फरक जवळजवळ तेवढाच! आणि चेर्निशोव्हचे ते २३ सामने मिसाच्या जोडीला खेळून. पॉइंट दोघांच्या नावावर चढतात, पण खेळ कोण घडवतंय ते बघायला हवं. तुमचं 'का नाही' ते हे.

दुसरं, तुमच्या मोजणीत एनएचएलचेच सामने धरणार असाल तर नियम हाच मोठा निवडकर्ता आहे. मिसा आणि डिकिन्सन दोघेही कॅनडाच्या ज्युनिअर व्यवस्थेतून ड्राफ्ट झालेले आणि विशीच्या आतले. त्यांना एएचएल या खालच्या लीगमध्ये, म्हणजे शार्क्सच्याच बॅराकुडा संघाकडे, धाडता येत नाही. एक तर शार्क्स, नाहीतर परत ज्युनिअर. मधला जिना नाही. मस्टी आणि चेर्निशोव्ह डिसेंबरच्या आत विशीचे, त्यामुळे त्यांना बॅराकुडाकडे निवांत शिजत ठेवता येईल. लीग आणि खेळाडू संघटनेच्या नव्या करारात २०२६-२७ पासून प्रत्येक संघाला एका एकोणीस वर्षांच्या मुलाला एएचएलमध्ये पाठवायची सूट आहे, पण ती यंदा नाही.

आणि नवव्या सामन्यानंतर लक्ष ठेवा. अठरा-एकोणीसच्या मुलाने दहावा सामना खेळला की त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या करारातलं एक वर्ष खर्ची पडतं. नऊवर थांबवलं तर करार पुढे सरकतो. शार्क्सचा एक्लुंड आठवतो का? २०२१ चा सातवा. नऊ सामने, चार असिस्ट, आणि रवानगी स्वीडनला. पुढच्या वर्षीही बहुतेक बॅराकुडाकडेच. तोच एक्लुंड मागच्या सीझनला ५८ पॉइंटचा खेळाडू आहे. म्हणजे परत पाठवलं म्हणून पोरगा वाया गेला असं नाही, पण तुमच्या ऑफिसच्या खेळात मात्र ते वर्ष कोरडं जातं.

टोरोंटोची आत्या
आस्कारोव्हबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा गोलीच आहे, त्यामुळे घरात दुसरा विषयच नसतो. नॅशव्हिलने २०२० मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलेला मुलगा तो. तिथल्या मुख्य गोली सारोसला आठ वर्षांचा करार मिळाल्यावर याची वाट बंद झाली, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये शार्क्सकडे. शार्क्सचा मॅनेजर ग्रियरने त्याच्यासाठी एडस्ट्रॉम हा तरुण खेळाडू, एक गोली आणि पहिल्या फेरीची निवड मोजली. एवढी किंमत देऊन आणलेल्याला बाकावर बसवत नाहीत. सोबतीला नेडेल्कोविच हा दुसरा गोली आणलाय, म्हणजे सामने वाटले जातील, पण मोठा वाटा याचाच असणार.

गोली उशिरा पिकतात. तेवीस म्हणजे गोलीसाठी लहानच. मात्र शार्क्स गेल्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गोल खाणाऱ्यांत होते, तेव्हा सेव्ह टक्केवारी बघून रडू नका. विजय आणि टक्केवारी दोन्हीला सारखं वजन असेल तर पहिलं वर्ष जड जाईल, पुढची दोन भरून काढतील.

धागाकर्ता
सनीवेलकर, जन्मतारखांचं पटलं. लगेच तक्त्यात रकाना वाढवला. आत्या, आमच्याकडे विजयाला जास्त वजन आहे, त्यामुळे अजूनच कठीण! तरी घेतोय. मग डिकिन्सन सोडायचा?

पुण्यातून सकाळी
इथे सॅन होजेचे सामने सकाळी साडेसात-साडेआठला लागतात, चहा-पोह्यांबरोबर बघतो, म्हणून दोन पैसे माझेही. सनीवेलकरांशी एका बाबतीत सहमत नाही. डिकिन्सनला परत लंडनला पाठवून काय मिळणार? दोन वेळा ओएचएल जिंकला, मेमोरियल कप जिंकला, तिथल्या लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन झाला. शिकायचं उरलंय ते मोठ्या माणसांच्या अंगावर पडून शिकायचंय. माझा अंदाज, ठेवतील आणि तिसऱ्या जोडीत बारा-तेरा मिनिटं देतील. पण नेमकी तीच तुमची पंचाईत. बारा मिनिटांत, पॉवरप्ले (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचा खेळ) हातात नसताना, पॉइंट येणार कुठून? पॉवरप्लेची सूत्रं आधी क्लिंगबर्गकडे जातील. चांगला खेळाडू आणि तुमच्या खेळासाठी चांगला खेळाडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वर्षांचा विचार केला तर मात्र मी घेईन, क्लिंगबर्गचा करार एकाच वर्षाचा आहे.

मिसाचंही तसंच. सेलेब्रिनीच्या मागे दुसरा सेंटर व्हायचं तर वेनबर्गला खाली ढकलावं लागेल. किंवा सुरुवातीला विंगवर, म्हणजे कडेला. स्मिथलाही गेल्या वर्षी सुरुवातीला काही सामने मुद्दाम बाहेर बसवलं होतं, नंतर तो फुलला. वॉर्सोफ्स्की घाई करणारा कोच नाही.

सनीवेलकर
क्लिंगबर्गच्या कराराचा मुद्दा बरोबर, तिथे मी माघार घेतो. मग प्रश्न डिकिन्सन की चेर्निशोव्ह एवढाच उरतो. मस्टीला मी तरी सध्या बाजूला ठेवीन. हात चांगले आहेत, पण पक (खेळायची चकती) ताब्यात नसताना पाय थांबतात अशी तक्रार ड्राफ्टच्या आधीपासून आहे.

धागाकर्ता
ठरलं तर: मिसा, आस्कारोव्ह, आणि तिसरा डिकिन्सन. पहिल्या वर्षी ऑफिसात हसतील, हसू देत. चेर्निशोव्ह राखीव म्हणून लिहून ठेवतो, कुणी सहा महिन्यांहून जास्त जायबंदी झाला तर एक बदल चालतो. तो किती तयार आहे हे बॅराकुडाकडे बघूनच कळेल ना? टीव्हीवर कॅमेरा सतत पकच्या मागे असतो, बाकीचा खेळ दिसतच नाही.

सनीवेलकर
बॅराकुडाच्या टेक सीयू अरेनात जा. चार हजारांच्या आसपास खुर्च्या, त्यामुळे वरच्या रांगेतूनसुद्धा सगळा बर्फ दिसतो, आणि तिकीट शार्क्सच्या एसएपी सेंटरच्या मानाने बरंच स्वस्त. पक विसरा, एका शिफ्टभर (बर्फावरची एक पाळी) फक्त चेर्निशोव्हकडे बघा: मागे वळताना जोर लावतो की सरकत येतो. मस्टीचंही तेच करा, माझं म्हणणं खोटं ठरलं तर इथे लिहा. ऑक्टोबरमधला एखादा शनिवार ठरवलात तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मीही येतो.