मुलगी मराठी एकेक अक्षर लावत वाचते, मोबाइल मात्र तासन्‌तास. काय करावं?

सांजसावली: मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यम. मराठी छान बोलते, पण गोष्टीचं पुस्तक दोन ओळींत खाली ठेवते आणि कार्टून मागते. रोज दोनेक तास बघणं होतं. मोबाइल सरळ बंद करावा का? पुस्तकं कुठली द्यावीत?

पिंपळपान: मोबाइलचं नंतर. आधी ती कुठे अडते ते बघा. एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि अडलेले शब्द मोजा. पाचापेक्षा जास्त निघाले तर पुस्तक अवघड आहे. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरली जाते, मग गोष्टीत रस कुठून राहणार?

अशा मुलांचं घोडं बहुतेक जोडाक्षरांवर अडतं, त्यातही 'र'वर: सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. एकच र, चार रूपं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन, हे मोठ्या अक्षरात शेजारी शेजारी लिहून दाखवा. रोज एकच रूप घ्या, पाच-सहा शब्द, पाच मिनिटं. 'चार' आणि 'चाक' यांतले च वेगळे, पण ते घोकून घेऊ नका. शब्द ओळखला की बोलण्यातला उच्चार आपोआप येतो.

शाईदौत: वाचताना समोर नाही, शेजारी बसा, तिला अक्षरं दिसली पाहिजेत. बोट ओळीखालून सरकतं ठेवा. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट दोघं एका सुरात, तिसऱ्या दिवशी ती एकटी. अडली तर मनात पाच आकडे मोजा, मग शब्द सांगून पुढे चला. प्रत्येक चुकीला थांबवलं तर धागा तुटतो. पंधरा मिनिटं पुरे.

अधूनमधून चित्र झाकून परिच्छेद वाचा आणि तिला खडूने ते दृश्य काढू द्या. झोपडीचं दार कुठल्या बाजूला, म्हातारीच्या हातात काय, हे तिला स्वतः ठरवावं लागतं. कार्टूनमध्ये ते आयतं मिळतं. पुस्तकाचं मोल मला इथेच सगळ्यात जास्त वाटतं.

बालभारतीने 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे १९७१पासूनचे अंक मोफत खुले केलेत. त्यातल्या छोट्या कविता आणि कोडी आधी घ्या.

सांजसावली: आणि मोबाइल?

पिंपळपान: एकदम तोडू नका. आधी जेवतानाचा, मग झोपण्याआधीचा. पुढचा भाग आपोआप सुरू होतो ती सोय सेटिंगमध्ये बंद करा, म्हणजे थांबायला जागा मिळते. 'दहा पानं वाच, मग मोबाइल' असा सौदा नको. वाचन दंड ठरतं आणि मोबाइल बक्षीस.

उरलेल्या वेळात खाली मराठीतच शब्द येणारी गाणी लावा. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी १९९६मध्ये मांडलेली ही कल्पना पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये वापरली गेली. गाणं पाठ असलं की डोळा आपसूक शब्दामागे धावतो. शब्द रोमन लिपीत असतील तर मात्र उपयोग नाही, ते गाणं सोडा.